मुळी की फळ? मबीराच्या जंगलातला एक वाद

युगांडात कंपालाहून जिंजाकडे जाताना उसाचे आणि चहाचे मळे मागे पडतात आणि रस्ता एकाएकी दाट झाडीत शिरतो. हे मबीराचं राखीव जंगल, सुमारे ३०० चौरस किलोमीटरचं. १९३२ पासून ते राखीव आहे. रस्त्यावर नज्जेंबे नावाचा थांबा आहे. तिथे गाडीचा वेग कमी झाला की काडीला लावलेलं भाजलेलं चिकन आणि गोंजा, म्हणजे निखाऱ्यावर भाजलेली केळी, घेऊन विक्रेते खिडकीशी येतात. बहुतेक प्रवासी एवढंच मबीरा पाहतात. रस्ता सोडून आत गेलं की उंच झाडांच्या सावलीत एक काटेरी झुडूप भेटतं. त्याला संत्र्याच्या वासाची, गोडसर, इवलीशी फळं लागतात. शास्त्रीय नाव सिट्रॉप्सिस आर्टिक्युलाटा. युगांडात त्याला ओमुबोरो म्हणतात. लिंबू-संत्र्याची ही आफ्रिकेतली रानटी भावकी.

या झुडपावरून एका काका-पुतणीत चांगलाच वाद झाला. काका वरुडचे, दोन पिढ्यांचे संत्रा बागायतदार. पुतणी कंपालातल्या एका शाळेत जीवशास्त्र शिकवते आणि मुलांना घेऊन मबीरात जात असते. काका तिच्याकडे आले तेव्हा ती त्यांनाही घेऊन गेली.

वाटाड्याने झुडपाचं एक पान काकांच्या हातावर ठेवलं. संत्र्याचं पान एकसंध असतं. हे पान पाच पर्णिकांचं होतं, आणि त्या पर्णिकांना जोडणारा दांडा दोन्ही अंगांनी पंखासारखा रुंद झालेला, प्रत्येक सांध्यापाशी मात्र आवळलेला. पपनसाच्या देठाला असतो तसलाच पंख, फक्त इथे तो सांध्यासांध्यावर पुन्हा येतो. पानाच्या बगलेत सरळ, टोकदार काटे. झाडाखाली पिकून पडलेलं एक फळ सापडलं, जेमतेम दोन-अडीच सेंटिमीटरचं. काकांनी खिशातल्या चाकूने ते आडवं कापलं. आत चार फोडी, फोडीत एकेक जाड बी, आणि बीभोवती रसाच्या बारीक बारीक पिशव्या.

"या पिशव्या पाहा," पुतणी म्हणाली. "बेल, कवठ याच कुळातले, पण त्यांच्या गरात अशा पिशव्या नसतात. बेलाचा एक जवळचा भाऊबंद इथे युगांडातही आहे, बाल्सामोसिट्रस डावेई. त्याचं फळही बेलासारखंच टणक कवचाचं. पण हे झुडूप बेलापेक्षा संत्र्याच्या जास्त जवळचं."

काकांनी गर चाखला. चव त्यांना आवडली, पण हिशेब आधी सुचला. "गर चिमूटभर आन् बी मूठभर. हे फळ बाजारात कोण घेईल? पण बेटा, मले याच्या फळाशी काही देणंघेणं नाही. मले याचं मूळ पाहू दे."

वादाला इथे तोंड फुटलं.

विदर्भातला संत्रा बागायतदार मुळाकडे का पाहतो, हे सांगायला हवं. नागपुरी संत्र्याचं झाड स्वतःच्या मुळावर उभं नसतं. जंभेरी किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतात, आणि बागेचं आयुष्य त्या खुंटावर ठरतं. जमिनीतली फायटोफ्थोरा बुरशी खुंटाला लागली की बुंध्यातून डिंक पाझरतो, साल कुजते, पानं पिवळी पडतात आणि उभं झाड वाळतं. शेतकरी याला डिंक्या म्हणतो. भारी काळी जमीन, पावसाळ्यात साचणारं पाणी आणि कमी उंचीवर बांधलेली कलमं, यांमुळे तो फोफावतो. जंभेरीपेक्षा रंगपूर लिंबू या बुरशीला बरा तोंड देतो, म्हणून नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेने त्याचा खुंट सुचवला आणि डोळा जमिनीपासून वीतभर उंच बांधायला सांगितलं. तरी बुंध्याला बोर्डो पेस्ट, म्हणजे बुरशीनाशक लेप, दर वर्षी लावावीच लागते. काकांनी डिंक्याने गेलेल्या ओळीच्या ओळी उपटून काढल्या आहेत. त्यांना हे झुडूप म्हणजे एक नवा खुंट दिसला तर नवल नाही.

आणि त्यांचा अंदाज हवेतला नव्हता. सिट्रॉप्सिस हा गट स्वतंत्र आहे असं १९१४ मध्ये मांडलं ते वॉल्टर टेनिसन स्विंगल आणि मॉड केलरमन यांनी. स्विंगल अमेरिकेच्या कृषी खात्यात होते आणि लिंबूवर्गीय झाडांच्या संकरावर त्यांनी मोठं काम केलं. जगभरातले रानटी नातेवाईक गोळा करण्यामागे संत्र्याचं भलं व्हावं हा हेतू होताच. पुढे याच गटातली काँगोची जात, सिट्रॉप्सिस गिलेटियाना, फायटोफ्थोराला आणि मुळं पोखरणाऱ्या सूत्रकृमीला दाद देत नाही असं आढळलं. फ्लोरिडाच्या बागांना त्या सूत्रकृमीनं बेजार केलं होतं. अडचण एकच होती. संत्रावर्गाशी तिचं परागीकरण करून संकर होईना. मग फ्लोरिडा विद्यापीठाच्या शास्त्रज्ञांनी वेगळी वाट धरली. क्लिओपात्रा मँडरिनच्या आणि गिलेटियानाच्या पेशींची भिंत विकरांनी विरघळवली, उघड्या पेशी रसायनाच्या मदतीनं एकमेकींत मिसळवल्या आणि त्यातून रोपं वाढवली. हे काम १९९० मध्ये प्रसिद्ध झालं. फूल नाही, पराग नाही, तरी दोन वेगळ्या गटांतल्या झाडांचा संकर उभा राहिला.

"मंग?" काका म्हणाले. "रान वाचवायचं असंल तर रानाचा उपयोग दाखवा. या झाडाच्या मुळात गुण आहे ना? तो काढून घ्या, बी बँकेत ठेवा, कलमं करा. लोकाच्या पोटापाण्याले लागलं की झाड आपोआप टिकते. आमच्या जंभेरीले कोणी संरक्षण दिलं का? कामाची आहे, म्हणून टिकली."

पुतणीनं आधी एक दुरुस्ती केली. फ्लोरिडात वापरली ती जात काँगोची, मबीरातली नव्हे. भावंडांपैकी एकात गुण सापडला म्हणून दुसऱ्यात असेलच असं नाही, तो तपासावा लागतो. "आणि काका, १९९० ला झालेला तो संकर अजून तुमच्या वरुडच्या रोपवाटिकेत आला का?"

"नाही आला."

"२०१३ मध्ये ऑस्ट्रेलियात बंडाबर्गला आणखी एक पाऊल पडलं. पापुआ न्यू गिनीतल्या गुडइनफ बेटावरचा सिट्रस वाकोनाई, जो फार लवकर फुलतो, आणि गॅबनकडची सिट्रॉप्सिस गॅबुनेन्सिस, यांचा परागीकरणानं संकर जमला आणि त्या संकराला फळंही धरली. ते पहिल्यांदा घडलं. आता मला सांगा, स्विंगलनं हा गट मांडल्यावर ते घडायला किती वर्षं गेली?"

काकांनी मनात वजाबाकी केली. "नव्व्याण्णव."

"तेवढी वर्षं झाडं रानात उभी होती, म्हणून जमलं. शंभर वर्षांनी कोणत्या जातीचा कोणता गुण लागेल हे आज कोणालाच सांगता येत नाही. आणि बी बँकेत तुम्ही ठेवणार ते दोन-चार झाडांचं बी. मबीरातलं झाड वेगळं, काँगोतलं वेगळं, मोझांबिककडची तर जातच निराळी. वरुडच्या एका बागेतल्या कलमांवरून साऱ्या विदर्भातला संत्रा कळेल का?"

हा मुद्दा काकांना पटला. संत्र्याची सगळी कलमं एकाच गुणाची असतात आणि रोग आला की सगळी एकदमच लोळतात, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक असणार? फ्लोरिडाचं उदाहरण समोर आहे. २००५ मध्ये तिथे ग्रीनिंग रोग आढळला. २००३-०४ च्या हंगामात २४ कोटींहून जास्त पेट्या संत्री पिकवणारं ते राज्य २०२३-२४ मध्ये दोन कोटी पेट्यांच्याही खाली आलं.

पण ग्रीनिंगचं नाव निघताच काकांनी नवा मुद्दा काढला, आणि तो वजनदार होता. ग्रीनिंग पसरवते ती सायला कीड. आशियात एक जात, आफ्रिकेत दुसरी. आफ्रिकेतली सायला मूळची इथल्या रानातल्या लिंबूवर्गीय झाडांवरच जगत आली आहे, त्यांत आपल्या तिरफळाच्या जातकुळीतलंही एक झाड आहे. महाराष्ट्रातही कढीपत्त्यावर आणि कुंतीच्या झुडपांवर सायला पोसली जाते, म्हणून बागेजवळ ती ठेवू नका असं सांगतात. "मंग रान म्हणजे किडीचं माहेरच झालं ना? बागायतदारानं त्याच्यावर जीव काऊन लावावा?"

"कीड इथलीच, झाडं इथली," पुतणी म्हणाली. "लाखो वर्षं दोघं एकत्र राहिली, आणि ती झाडं अजून उभी आहेत. संत्रा इथे पाहुणा. अस्सल लिंबू-संत्र्याचं मूळ आसाम, म्यानमार, युनान या पट्ट्यात. पाहुणा आजारी पडला म्हणून घरच्यांना बाहेर काढायचं? उलट त्यांना विचारायचं, तुम्ही कसे जगलात?"

प्रस्तुत लेखकाला इथे पुतणीची बाजू अधिक सबळ वाटते. बागेच्या धुऱ्यावर कुंती ठेवू नये हे खरं, पण त्या न्यायानं तीनशे चौरस किलोमीटरचं जंगल मोजता येत नाही.

खरी ठिणगी मात्र पुढे पडली. काकांनी झुडपाच्या बुडाशी वाकून पाहिलं. शेजारी माती उकरल्याचा खड्डा होता, आत तुटलेल्या मुळांचे तुकडे आणि वरचं झाड आडवं होऊन वाळलेलं. फळं कोणी तोडली नव्हती. सुकून काळी पडलेली तीन-चार फळं फांदीला तशीच लोंबत होती.

ओमुबोरोची युगांडातली खरी ओळख फळासाठी नाही. त्याच्या मुळीनं पुरुषाची ताकद वाढते असा समज आहे. मुळी चघळतात, नाहीतर कुटून तिची पूड पेयात घेतात. कंपालातल्या बाजारात तिला गिऱ्हाईक आहे. मागणी शहरातून येते, खणणारे हात जंगलाकाठच्या गावांतले. मूळ खणलं की झाड मरतं. मबीरात ते दुर्मीळ होत चाललंय, असा इशारा युगांडातल्या वनस्पतिशास्त्रज्ञांनी जाहीरपणे दिलेला आहे.

"हा पाहा तुमचा उपयोग, काका," पुतणी म्हणाली. आवाज चढला होता. "तुम्ही म्हणालात, कामाचं झाड टिकतं. हे कामाचं ठरलं म्हणूनच मेलं. बिनकामाचं राहिलं असतं तर उभं असतं."

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांना सफेद मुसळी आठवली.

मुसळीची गोष्ट या गोष्टीशी जुळते. क्लोरोफायटम बोरिविलियानम हे तिचं शास्त्रीय नाव मुंबईच्या बोरिवलीवरून पडलं. हीसुद्धा मुळांसाठीच खणली जाणारी, पौरुषाचं औषध म्हणून विकली जाणारी वनस्पती. सातपुडा, मेळघाटाच्या रानांतून पावसाळा संपता संपता ती खणली जाई, आणि ती जागोजाग विरळ झाली. पुढे तिची लागवड सुरू झाली. विदर्भ-खानदेशात कित्येक शेतकऱ्यांनी महागाचं बेणं घेऊन मुसळी लावली, मग भाव कोसळले आणि अनेकांनी हात पोळून घेतले. तरी एक झालं. मुसळी शेतातही येऊ शकते हे लोकांना कळलं.

"तेच इथं करा," काका म्हणाले. "बाहेर पाहिलं मी, गावाकाठी केळीच्या सावलीत कॉफी आहे. या झाडालेही सावलीच पाहिजे. एका फळात चार बिया. मी रोपवाटिकावाला माणूस, मले सांग, फळ फांदीवर वाळू देऊन मूळ कोण खणतं? फळ खा, बी पेर. गडी दोन वर्षांत हजार रोपं करून देईल."

पुतणीला हा तोडगा अपुरा वाटला आणि तिची शंका रास्त होती. रोपाला खणण्याजोगं मूळ यायला वर्षं लागणार, तोवर रानच खणलं जाणार. शिवाय रानातल्या मुळीत जोर जास्त ही समजूत मुसळीच्या बाबतीत आपल्याकडेही आहे. शेतातला माल आला म्हणून रानातली खणाई थांबत नाही. रानाला राखण लागतेच. ती राखण किती नाजूक आहे हे मबीरानं २००७ मध्ये पाहिलं. जंगलातली सुमारे ७,१०० हेक्टर जमीन उसाच्या लागवडीसाठी द्यायचा सरकारचा विचार होता. लोक रस्त्यावर उतरले. त्या एप्रिलमध्ये कंपालात निदर्शनांना हिंसक वळण लागलं आणि माणसं मेली. युगांडातल्या बुगांडा या पारंपरिक राज्यानं आणि चर्चनं जंगलाऐवजी आपली जमीन देऊ केली. त्या वर्षी प्रस्ताव मागे पडला, पण २०११ मध्ये राष्ट्राध्यक्ष मुसेवेनींनी तो पुन्हा बोलून दाखवला. ऊस आला असता तर तिथल्या ओमुबोरोचं मूळ खणायलाही काही उरलं नसतं.

मग पुतणीनं एक गोष्ट सांगितली, जिच्यावर दोघं थोडे जवळ आले. मकेरेरे विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये या झुडपाच्या अर्काचा उंदरांवर प्रयोग प्रसिद्ध केला. नरांचं वर्तन आणि टेस्टोस्टेरॉन यांवर त्याचा परिणाम दिसला. लक्षात घेण्याजोगं हे की अर्क पानांचा होता, मुळांचा नव्हे. उंदरांवरून माणसाचं औषध ठरत नाही. पण पानात काही असेल तर झाड न मारता ते घेता येतं. दुसरीकडे, मुळाच्या सालीचा शोधही थांबलेला नाही. २०११ मध्ये या सालीतली द्रव्यं वेगळी करून त्यांची परजीवींवर, हिवतापाच्या परजीवीवरही, परीक्षानळीत चाचणी झाली. जगातल्या हिवतापग्रस्त देशांत युगांडाचं नाव वरच आहे, तिथे अशा शोधाला अर्थ आहे. संशोधकाला साल थोडीच लागते. बाजाराला पोत्यानं लागते. फरक तिथे आहे.

"पान तोडायला हरकत नाही," काका म्हणाले. "आम्हीही छाटणी करतो. पण जंगलातल्या माणसाले दोन पैसे मिळाल्याशिवाय तो राखण काऊन करील? तू शाळेत शिकवतेस ते बरोबर, पण त्याच्या चुलीवर काय आहे?"

यावर पुतणीकडे तयार उत्तर नव्हतं, आणि कोणी आहे म्हटलं तर त्यावर सहज विश्वास ठेवू नये. मबीरात पर्यटकांना पायवाटा दाखवून गावकऱ्यांना काही मिळतं, तीनशेच्या वर जातींचे पक्षी पाहायला लोक येतात. पण वाटाड्याचं काम गावात किती जणांना मिळणार? मूळ खणणाऱ्याला त्याच दिवशी रोख पैसा मिळतो.

तरी काका-पुतणीच्या वादातून एक गोष्ट स्वच्छ होते, आणि लेखकाचंही मत तेच. "उपयोगी ते टिकतं" आणि "उपयोगानंच संपतं" ही दोन्ही वाक्यं अर्धी आहेत. झाडाचा कोणता भाग घेतला जातो, कोणाच्या हातानं आणि किती वेगानं, यावर सगळं ठरतं. फळ घेतलं तर झाड राहतं आणि बीही हाताशी येतं. पान घेतलं तर झाड पुन्हा फुटतं. मूळ घेतलं की काहीच राहत नाही. संत्र्याचा शास्त्रज्ञ, हिवतापाचा अभ्यासक, रोपवाटिका चालवणारा आणि फळ चोखणारं गावातलं पोर, या चौघांचंही काम झाड उभं ठेवून होतं. एकट्या मुळीच्या व्यापाऱ्याचं होत नाही. म्हणून या झुडपाच्या बाबतीत पहिली मर्यादा मुळीच्या व्यापारावरच यायला हवी, आणि काकांची रोपवाटिका त्याच्या सोबतीनं, त्याच्या बदल्यात नव्हे.

परतताना काकांनी कापलेल्या फळातल्या चारही बिया तिथेच मातीत बोटभर खोल दाबल्या. वाटाड्यानंच त्यांना जागा दाखवली, जुन्या खड्ड्यापासून जरा दूर.

युगांडात कामाधंद्यानिमित्त राहणारे मराठी लोक आता बरेच आहेत, आणि जिंजाला नाईलचा उगम पाहायला जाणारे बहुतेक जण मबीरातूनच जातात. त्यांना एवढंच सांगणं आहे. वाटेत किंवा कंपालाच्या बाजारात कोणी ओमुबोरोच्या मुळीची पुडी पुढे केली, तर ती घेऊ नका. फळ मिळालं तर जरूर खा.